डिशवॉशर दुरुस्त करता येतो

संपादक महोदय,


‘बोअरच्या पाण्यात डिशवॉशर टिकत नाही आणि बिघडला तर घरच्यांनी हात लावू नये’ हे आपल्या गेल्या अंकातील पत्रलेखकांचे मत मला मान्य नाही.

मराठवाड्यातले बोअरचे पाणी क्षाराचे आहे, हे खरे. म्हणून तर बहुतेक यंत्रांत पाणी मऊ करणारे रेझिन असते. त्याला डिशवॉशरचे खास मीठ लागते. घरचे आयोडीनयुक्त मीठ चालत नाही. मीठ संपले, की फवाऱ्याच्या छिद्रांत क्षार बसतो आणि भांडी पांढरट निघतात. अशा वेळी फवारे काढून लिंबूसत्व घातलेल्या कोमट पाण्यात भिजवावेत, तळाची गाळणी धुवावी, पाण्याच्या नळीच्या तोंडाची जाळी साफ करावी. यासाठी नांदेडच्या कारागिराची उमरीत वाट पाहावी लागत नाही. मात्र आधी प्लग काढावा, नळ बंद करावा. मोटार, हीटर आणि वायरिंग जाणकारांकडेच द्यावे.

केंद्र सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये ‘राइट टू रिपेअर’ (दुरुस्तीचा हक्क) पोर्टल सुरू केले, हे स्वागतार्ह आहे. पण युरोपीय संघात मार्च २०२१ पासून डिशवॉशरचे फवारे, गाळण्या, दाराचे रबर हे भाग, मॉडेलची विक्री थांबल्यावरही १० वर्षे थेट ग्राहकाला पुरवणे कंपन्यांवर बंधनकारक आहे. तसा कायदा आणि सोबत मराठी माहितीपुस्तिका आपल्यालाही मिळालीच पाहिजे.

– एक वाचक, उमरी (जि. नांदेड)