सायकलस्वारांची पंगत आणि गिरण्यांची जमीन

निधीसाठी निघणाऱ्या सायकलफेऱ्यांकडे आपले कार्यकर्ते बहुधा कुत्सितपणे पाहतात. सुखवस्तूंची हौस आणि गरिबांवर उपकार, हा त्यांचा हिशोब. तो अपुरा आहे. डिसेंबर १९८५ मध्ये बाबा आमटे यांचे ‘भारत जोडो’ अभियान कन्याकुमारीहून काश्मीरकडे निघाले. शंभरांहून अधिक तरुण-तरुणी सायकलींवर होते. सत्तरी ओलांडलेले बाबा पाठीच्या कण्याच्या व्याधीमुळे वाहनात आडवे पडून सोबत जात. अशी यात्रा तिजोरीवर चालत नाही. वाटेवरच्या गावांच्या भाकरीवर चालते. गिरणगावाला हे सांगावयास नको. १९८२ च्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले, तेव्हा कित्येकांना कोकणातील व घाटावरील गावांनीच पोसले.

परळला टाटा रुग्णालयाच्या आसपास परगावचे कर्करोगी व त्यांचे नातलग आजही पदपथावर दिवस काढतात. त्यांच्यासाठी कोणी शेकडो मैल सायकल हाकीत आला, तर लालबाग-दादरच्या कार्यकर्त्यांनी त्याला अवश्य जेवू घालावे. मात्र निवाऱ्याचा प्रश्न त्याच्या झोळीवर सोडू नये. १९९१ च्या नियमानुसार विकासास काढलेल्या गिरणी-जमिनीचा एक तृतीयांश भाग महापालिकेला व जवळपास तितकाच सार्वजनिक घरबांधणीला मिळावयाचा होता. २००१ च्या दुरुस्तीने ही वाटणी केवळ मोकळ्या जागेपुरती उरविली. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती ग्राह्य धरली. तरीही जी थोडी जमीन महापालिकेच्या हाती आली, तिच्यावर रुग्णांसाठी धर्मशाळा का नसावी? सायकलस्वारांच्या पंगतीतच या मागणीच्या अर्जावर सह्या घ्याव्यात. पहिली सही पाहुण्यांची असावी.