ताई, तुमचा अपूर्णांक राहिला!

२०२५ च्या दिवाळीत फराळाचा डबा घेऊन आमच्या जुन्या बिल्डिंगमध्ये गेले होते. वडगावची बिल्डिंग, जिथे आम्ही तिघी मैत्रिणी फ्लॅट शेअर करायचो. पार्किंगमध्ये स्कूटर लावते न लावते तोच मागून आवाज आला, ‘ताई, तुमचा अपूर्णांक राहिला!’

वळून पाहिलं तर माझ्याएवढी उंच पोरगी, दोन वेण्या आणि हातात दहावीचं गाइड. दोन मिनिटं ओळखच पटेना. मग पटली आणि बॉस, पोटात जो काही गोळा आला ना!

ही आमच्या वॉचमनकाकांची मुलगी. नाव छापलं तर माझी खैर नाही, म्हणून आपण तिला मॅडम म्हणू. तशी ती लहानपणापासून मॅडमच आहे. आणि आजचा कॉलम म्हणजे मॅडमना द्यायचं राहून गेलेलं एक्स्प्लनेशन.

तर, फ्लॅशबॅक. मार्च २०२०. मास कॉमची डिग्री घेऊन मी एका ठिकाणी जेमतेम आठ महिने चिकटले होते. लॉकडाऊन लागला आणि पगार अर्धा झाला. दोन्ही रूममेट्स आधीच आपापल्या गावी पळाल्या होत्या. डालगोना कॉफी फेटून झाली, केसांना कात्री लावून झाली, आईला दिवसातून चार व्हिडिओ कॉल करून झाले. काम कमी, भीती जास्त आणि वेळच वेळ.

खाली पार्किंगच्या कोपऱ्यात काकांची दहा बाय दहाची खोली. मूळ गाव बीडकडचं. गावी जायची सोय नव्हती आणि वॉचमनने गेट सोडून चालणार तरी कसं? त्या वर्षी आठवीपर्यंतच्या वार्षिक परीक्षा रद्दच झाल्या, त्यामुळे मॅडम पेपर न देताच चौथीतून पाचवीत गेल्या. कॉर्पोरेशनची शाळा. जूनमध्ये वर्गशिक्षिकेने व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप केला आणि अभ्यास येऊ लागला.

आता गंमत बघा. घरात स्मार्टफोन एकच, काकांचा. त्यावर आमच्या सोसायटीचं गेटचं अ‍ॅप. म्हणजे बाईंनी अकरा वाजता व्हिडिओ टाकला की मॅडम फोन घेऊन बसणार आणि नेमकं तेव्हाच कुणाचं तरी पार्सल येणार. अ‍ॅपची एंट्री करायला काका फोन ओढून घेणार. ते पार्सल बहुतेक वेळा माझंच असायचं, हे मला खूप उशिरा कळलं.

२०२० च्या सप्टेंबरमध्ये ‘असर’चा फोनवरून केलेला सर्व्हे झाला. देशाच्या ग्रामीण भागात शाळेत जाणाऱ्या मुलांपैकी २०१८ मध्ये ३६.५ टक्क्यांच्या घरी स्मार्टफोन होता, तो दोन वर्षांत ६१.८ टक्क्यांच्या घरी पोचला होता. वाचायला केवढा झक्कास आकडा! पण घरात फोन असणं आणि पोराच्या हातात फोन असणं यात आमच्या पार्किंगएवढं अंतर होतं.

एकदा लिफ्टपाशी मॅडमनी मला गाठलंच. ‘ताई, तुमचं वायफाय पार्किंगपर्यंत येतं का?’

येत नव्हतं. मग मला आला उत्साह! मी मास कॉमवाली, मला ‘प्रोजेक्ट’ करायला फार आवडतं. दोनच दिवसांत आमची पार्टनरशिप उभी राहिली. वायफाय पहिल्या मजल्यावरच्या एका काकूंचं. प्रिंटर बँकेतून रिटायर झालेल्या एका काकांचा. जुना टॅब माझा, त्याची स्क्रीन कोपऱ्यात फुटलेली. आणि रोज संध्याकाळी पाच ते सहा जिन्याच्या पायरीवर मास्क लावून शिकवणारी टीचरही मीच. शेजारी सॅनिटायझरची बाटली. त्याचा फोटो मी इन्स्टावर टाकला होता, हेही सांगून टाकते. लाइक्स भरपूर आले.

बाहेरही तेव्हा अशाच पार्टनरशिपचं वारं होतं आणि मोठ्या लेव्हलवर. राज्याच्या शिक्षण विभागाने एप्रिल २०२० पासूनच ‘शाळा बंद, पण शिक्षण आहे’ म्हणत रोज दीक्षा अ‍ॅपच्या लिंक धाडायला सुरुवात केली होती. जुलैत ‘टिलीमिली’ आली. एमकेसीएल नॉलेज फाउंडेशनने बालभारतीच्या पुस्तकांवर पहिली ते आठवीसाठी मालिका बनवली आणि ती २० जुलैपासून सह्याद्री वाहिनीवर लागली. इयत्तेमागे ६० भाग, एकूण ४८०. रविवार सोडून रोज.

पुण्यात तेव्हा पुन्हा कडक लॉकडाऊन होता. काकांकडे डब्बा टीव्ही होता, पण सह्याद्री दिसत होती. दूरदर्शनला नेट लागत नाही, रिचार्ज लागत नाही, की गेटचं अ‍ॅप मध्ये येत नाही! ‘टिलीमिली’ची मला आवडलेली गोष्ट म्हणजे त्यात फळ्यापुढे उभं राहून लेक्चर झोडणारं कुणी नव्हतं. घरातल्या, परिसरातल्या वस्तू घेऊन करून बघायचं, असा मामला. मॅडम एपिसोड बघून संध्याकाळी माझीच परीक्षा घ्यायच्या. एकदा तर कडधान्याचे चार डबे पायऱ्यांवर मांडून ठेवले होते. आठव्या मजल्यावरचे आजोबा वैतागून म्हणाले, ‘दुकान टाकलंय का?’

कुठे कुठे काय काय चाललं होतं, ते मी त्या काळात फ्रीलान्स स्टोरीसाठी शोधत होते. नागपूर विभागात प्रशासन, ‘प्रथम’ संस्था आणि आकाशवाणी यांनी मिळून रेडिओवर ‘शाळेबाहेरची शाळा’ चालवली. रेडिओ, आपल्या पिढीने फक्त कॅबमध्ये ऐकलेला! पालघरच्या पाड्यांमध्ये, जिथे फोनही नाहीत आणि रेंजही नाही, तिथे दिगंत स्वराज फाउंडेशनने ‘बोलकी शाळा’ काढली. धडे रेकॉर्ड करायचे, स्पीकर उचलून पाड्यावर न्यायचा, पोरं लांब लांब बसवायची आणि धडा लावायचा. सोलापुरात नीलमनगरच्या आशा मराठी विद्यालयातल्या शिक्षकांनी तर कामगारवस्तीतल्या घरांच्या भिंतीच रंगवून घेतल्या. बाराखडी, गणिताची सूत्रं, इंग्रजीचे शब्द, सगळं भिंतीवर. पाणी भरायला निघालेलं पोर जाता जाता पाढा वाचणार.

आपल्या ऑफिसात पार्टनरशिप म्हटलं की एमओयू, दोन लोगो, शाल-श्रीफळ आणि ग्रुप फोटो. यातही लोगो होतेच, असू देत. पण सोलापूरची ती भिंत कुणाच्या तरी घराची होती आणि तो माणूस ‘रंगवा’ म्हणाला होता. पालघरचा तो स्पीकर कुणीतरी डोंगर चढून नेत होतं. ‘टिलीमिली’ लागली तरी टीव्ही लावून पोराला समोर बसवणारं आणि नंतर ‘काय कळलं गं?’ विचारणारं कुणीतरी घरात लागतंच. काकू सकाळी सहा घरची धुणीभांडी करायच्या (लॉकडाऊनमध्ये तीन घरं सुटली, ते वेगळंच), काका गेटवर. आमच्या पार्किंगमध्ये ते ‘कुणीतरी’ मी होते.

होते. भूतकाळ.

ऑक्टोबरमध्ये मला एक मोठं काम मिळालं. सहा महिन्यांनी पहिलं धड पैशांचं काम. रोज संध्याकाळी पाचला टीम कॉल. मॅडमना म्हटलं, ‘आठवडाभर सुट्टी घेऊ हं, पुढच्या सोमवारपासून पक्कं.’ आम्ही तेव्हा भाकरीवर होतो. म्हणजे अर्धी भाकरी आणि चार तुकड्यांतले दोन तुकडे सारखेच, हे झालं होतं. आता अर्धी आणि एक तृतीयांश मिळवायची, त्यासाठी छेद सारखा करायचा, हे सोमवारी होतं.

तो सोमवार आलाच नाही. दिवाळीला गावी गेले, परत आले, डेडलाइन, मग अजून एक डेडलाइन. खाली उतरताना पाच ते सहा ही वेळ मी टाळायला लागले. लिफ्टऐवजी मागच्या जिन्याने जायचे. २०२१ च्या सुरुवातीला पाचवी ते आठवीचे वर्ग उघडले तेव्हा मला केवढं हायसं वाटलं! चला, आता शाळा बघून घेईल. काही आठवड्यांत शाळांना पुन्हा कुलूप लागलं. आणि मार्चअखेर मी ती बिल्डिंगच सोडली. टॅब मात्र ठेवून गेले. दानशूर!

पुढे दोनेक वर्षांनी एका लेखासाठी वाचताना बोट्स्वानातला एक अभ्यास हाती लागला. हो, आफ्रिकेतलं बोट्स्वाना. २०२० मध्ये तिथेही शाळा बंद झाल्या, तेव्हा संशोधकांनी साडेचार हजारांच्या आसपास कुटुंबं घेतली. काहींना दर आठवड्याला गणिताचा एसएमएस. काहींना एसएमएस आणि शिवाय एक फोन कॉल, आईबापांना लाइनवर घेऊन मुलाकडून ते गणित सोडवून घ्यायचं. स्मार्टफोनची गरज नाही, साधा फोन पुरे. २०२२ मध्ये ‘नेचर ह्यूमन बिहेवियर’मध्ये हे छापून आलं. नुसत्या एसएमएसने म्हणावा असा फरक पडला नाही. फोन केलेल्या मुलांचं गणित सुधारलं.

आणि कॉल किती वेळाचा? आठवड्यातून एकदा पंधरा-वीस मिनिटं. असे आठ आठवडे.

मी लॅपटॉप बंद करून ठेवला. म्हणजे रोज तासभर पायरीवर बसायचीही गरज नव्हती. आठवड्यातून एक फोन. तेवढा वेळ तर मी तेव्हा रोज कुठली सीरीज बघायची ते ठरवण्यात घालवत होते.

देशाचा हिशोबही तोवर येऊन गेला होता. तिसरीतल्या किती मुलांना दुसरीचं पुस्तक वाचता येतं, हे ‘असर’ गावागावांत जाऊन बघतं. २०१८ मध्ये २७.३ टक्के. २०२२ मध्ये २०.५. पुढे २०२४ मध्ये ते पुन्हा २७.१ वर आलं. आकडा आला म्हणे जागेवर! पण २०२२ ला तिसरीत असलेली पोरं पुढे सरकलीत, २०२४ च्या तिसरीत वेगळीच पोरं बसलीत. आधीच्यांचं काय झालं, ते त्या त्या पोराच्या घरी जाऊनच विचारायला हवं.

म्हणून त्या दिवशी पार्किंगमध्ये मी भीत भीतच विचारलं, ‘मग नंतर गं?’

‘नंतर १०४ च्या आजी.’

या आजींना मी पार्टनरशिपमध्ये घेतलंच नव्हतं. वय पंच्याहत्तरच्या पुढे, त्यात कोरोनाची भीती, आणि त्यांना टॅब काय माहीत? माझ्यानंतर एके दिवशी त्यांनी मॅडमना खिडकीखाली बोलावलं. आजी खिडकीच्या आत, मॅडम बाहेर, मध्ये ग्रिल. आजींचे डोळे अधू, पेपर वाचता येईना. मॅडमनी पेपर वाचून दाखवायचा, अडलं की आजी सांगणार, आणि वाचून झालं की मृत्यूचे आकडे सोडून बाकीच्या बातम्यांमधल्या संख्या वहीत उतरवून घ्यायच्या. भावाभावांची बेरीज-वजाबाकी, सोन्याचा दर, धरणातलं पाणी. दीड वर्षं. आजी शिकवत होत्या की पोरगी आजींना पेपर वाचून दाखवत होती, दोघींपैकी कुणीच हे ठरवलं नव्हतं.

‘आजींना छेद नाही आला सांगता,’ मॅडम म्हणाल्या. ‘त्या पावकी-निमकीवाल्या. तोंडी उत्तर काढायच्या एकदम. मला वहीत कसं करायचं ते कळेना. सातवीत सरांनी सांगितलं तेव्हा आलं. तोपर्यंत अपूर्णांक आला की मी सोडूनच द्यायचे.’

म्हणजे दोन वर्षं. मी ‘सॉरी’ म्हटलं. तिने मान हलवली, पण ‘असू दे’ काही म्हणाली नाही. बरं झालं नाही म्हणाली ते.

आजी २०२३ मध्ये गेल्या. मॅडमकडे ती वही अजून आहे, तिने आतून आणून दाखवली. धरणाच्या टक्केवारीखाली थरथरत्या अक्षरातली एक सही. पानोपानी.

मग काकूंनी चहा दिला. मी विचारलं, दहावीला गणित कसं चाललंय? बीजगणित बरं, भूमिती अडते, असं समजलं. मी म्हटलं, रविवारी फोन करू? मॅडमनी मला जरा वेळ निरखून पाहिलं. एखाद्या एचआरने रेझ्युमेतली गॅप बघावी तसं.

‘किती वाजता?’

‘अकरा?’

‘अकराला बाबांचा फोन लागेल गेटला. दहाला करा. आणि ताई, पहिल्यांदा छेद.’

‘अगं, ते तर येतं ना तुला आता!’

‘मला येतं. तुम्हाला येतं का बघायचंय.’