जंगलातली हवा आणि न प्यायलेले पाणी

मे महिना सरत आला की आमच्या दवाखान्यात एक ठरावीक गर्दी सुरू होते. लग्ने, यात्रा, देवदर्शन, मुलांच्या सुट्टीतील सहली आटोपून माणसे घरी परतलेली असतात. पुरुष येतात ते बहुधा पोट बिघडले म्हणून. बायका येतात त्या खाली मान घालून, आवाज बारीक करून. "डॉक्टर, उन्हाळी लागली आहे. फार जळजळतं." पस्तीस वर्षे मी अशांना औषध लिहून देत आलो आणि वर एक वाक्य न चुकता सांगत आलो, "पाणी भरपूर प्या." त्या मान हलवून जात आणि पुढच्या मे महिन्यात पुन्हा येत. माझ्या त्या वाक्यात काय कमी होते, हे मला दवाखान्यात कधी कळले नाही. ते कळले अमेरिकेतील एका जंगलात, तंबूत राहायला गेलो असताना.

२०१९ सालच्या जूनमध्ये आम्ही उभयता कॅलिफोर्नियात चिरंजीवांकडे गेलो होतो. "बाबा, जगातलं सर्वांत मोठं झाड बघायला जाऊ, दोन रात्री तंबूत राहू," असा त्याचा आग्रह. पासष्टीत तंबू म्हटल्यावर माझी कंबर आधीच दुखू लागली, पण नातवंडांचा उत्साह पाहून निघालो. सिकोया राष्ट्रीय उद्यान हे १८९० साली राखून ठेवलेले जंगल. डोंगराच्या पायथ्याचे प्रवेशद्वार सुमारे १७०० फुटांवर आहे. तिथून जेमतेम सोळा मैलांच्या नागमोडी घाटाने गाडी ६४०० फुटांवर चढते. आमचा मुक्काम होता तो लॉजपोलचा तळ त्याहूनही उंच, ६७०० फुटांवर. आपले कळसूबाई शिखर ५४०० फूट. म्हणजे सकाळी समुद्रकाठच्या गावातून निघालेली माणसे संध्याकाळी कळसूबाईहून तेराशे फूट उंचावर झोपायला गेली. घाट मोटारीने चढला तरी शरीराला त्याचा हिशेब द्यावाच लागतो, हे मी रुग्णांना सांगतो. घरच्यांना सांगायचे राहून गेले.

तळाची व्यवस्था मात्र पाहण्यासारखी. पाइन आणि फरच्या उंच झाडांखाली दोनशेहून अधिक जागा आखलेल्या. प्रत्येक जागेला क्रमांक, एक लाकडी मेज, शेकोटीचे लोखंडी कडे आणि एक भक्कम लोखंडी पेटी. शेजारून कविया नदीची एक शाखा खळाळत जाते. जागा कित्येक महिने आधी राखून ठेवावी लागते, इतकी गर्दी. पण रात्री दहा ते सकाळी सहा आवाज बंद, हा नियम सगळे पाळतात. संध्याकाळी सगळीकडे शेकोट्या पेटल्यावर धूर मात्र खाली उतरून बसतो. दम्याच्या माणसाने जंगलातली हवा शुद्धच असणार या भरवशावर राहू नये आणि आपला पंप खिशात ठेवावा. माझा धाकटा नातू तासभर खोकत होता.

आता त्या लोखंडी पेटीविषयी. या जंगलात काळी अस्वले आहेत. त्यांचे नाक फार तीक्ष्ण, म्हणून खाण्याची किंवा वास येणारी एकही वस्तू तंबूत किंवा गाडीत ठेवायची नाही, सगळे त्या पेटीत टाकून कडी लावायची, असा सक्त नियम आहे. आमचा चकल्यांचा डबा, सौ.ची खोबरेल तेलाची बाटली, माझी त्रिफळा चूर्णाची डबी, दातांची पेस्ट, साबण, सगळे पेटीत गेले. सौ.ने आपली पाण्याची बाटलीही पेटीत ठेवली. साध्या पाण्याला ती सक्ती नाही, पण मला वाटले ती नियम जरा जास्तच काटेकोरपणे पाळते आहे. मी मनात हसलोदेखील.

दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमारास आम्ही 'जनरल शर्मन' हे झाड पाहायला गेलो. उंची २७५ फूट, जमिनीलगत बुंध्याचा घेर १०२ फूट, वय अंदाजे २२०० वर्षे. म्हणजे आपल्या नाणेघाटातील लेण्याच्या आगेमागे रुजलेले झाड आजही उभे आहे आणि दरवर्षी थोडे जाड होते आहे. जगात याहून उंच झाडे आहेत, पण एका खोडात इतके लाकूड दुसऱ्या कुठल्याही झाडात नाही. असे एक मोठे सिकोया झाड उन्हाळ्यात दिवसाला पाचशे गॅलनहून अधिक, म्हणजे जवळजवळ दोन हजार लिटर पाणी पिते. हा आकडा मुलाने सांगितला तेव्हा आम्ही सगळे वर पाहत उभे होतो. वाहनतळापासून झाडापर्यंत अर्ध्या मैलाची उतरती वाट आहे. उतरताना काही वाटत नाही. चढ येतो तो परतताना, सात हजार फुटांवरच्या विरळ हवेत.

परतीच्या वाटेवर शंभरएक पावले चढलो असू. सौ. म्हणाली, "अहो, जरा थांबा. डोळ्यांपुढे अंधारी येते आहे." वाटेत ठिकठिकाणी बाक आहेत. त्यातल्या एकावर ती बसली आणि बसल्या बसल्याच एका बाजूला कलली. चेहरा पांढरा, कपाळावर गार घाम, नाडी भरभर आणि बारीक. ती साठी ओलांडलेली, दहा वर्षांपासून रक्तदाबाची गोळी चालू. माझ्या मनात पहिला विचार आला तो हृदयविकाराचा. अशा वेळी दुसऱ्याच्या नाडीवर हात ठेवणे सोपे असते. आपल्या माणसाच्या नाडीवर ठेवला की आपलाच हात थरथरतो. तिला आडवे केले, पाय उंच धरले. छातीत दुखत नव्हते, दम कोंडत नव्हता. जीभ पाहिली तर लाकडासारखी कोरडी. सूनबाईने मुलांसाठी मीठ-साखरेच्या पुड्या आणल्या होत्या. त्या पाण्यात कालवून घोट घोट पाजले. वीस मिनिटांत चेहऱ्यावर रंग आला. चढ न चढता झाडाच्या दुसऱ्या बाजूने आम्ही रस्त्यालगतच्या थांब्यावर आलो आणि फुकट फिरणाऱ्या बसने परतलो. पुढे खाली शहरात गेल्यावर काढलेला कार्डिओग्राम व्यवस्थित निघाला. जे झाले ते निव्वळ पाणी कमी पडल्याने झाले होते.

तळावर परतल्यावर मी जरा चिडूनच विचारले, "काल सकाळपासून पाणी किती प्यालीस?" ती म्हणाली, "चहा घेतला होता ना." "आणि पाणी?" त्यावर ती गप्प. मग हळूच म्हणाली, "मुद्दामच नाही प्यायले. रात्री उठायला लागलं असतं. अनोळखी जागा, त्यात अस्वलं म्हणतात. तुम्हाला काय, तुम्ही कुठंही उभे राहता. लग्न झाल्यापासून एस.टी.त बसायचं असलं की मी आदल्या रात्रीपासून पाणी सोडते. तुम्हाला ठाऊक नाही?"

मला खरोखरच ठाऊक नव्हते. हिला मुळातच तहान कमी लागते, अशी माझी समजूत. बाटली पेटीत का गेली होती, तेही आता कळले. आणखी एक गोष्ट कळली. प्रवासाच्या दिवशी ती रक्तदाबाची गोळी टाळत असे, कारण त्या गोळीत लघवी वाढवणारा भाग असतो. नेमकी त्या दिवशी सकाळी सूनबाईने आठवणीने ती गोळी दिली. आदल्या दिवसाची तहान, उंचीवरची कोरडी हवा, वर ही गोळी आणि मग चढ. यानंतर घेरी आली नसती तरच नवल.

वाचकहो, यातले शास्त्र थोडक्यात सांगतो. उंचावर आपण भरभर श्वास घेतो, हवा कोरडी असते आणि प्रत्येक श्वासाबरोबर पाणी बाहेर पडते. गारव्यामुळे घाम जाणवत नाही, तहानही लागत नाही. शरीर मात्र सुकत असते. स्त्रियांचा मूत्रमार्ग जेमतेम दीड इंचाचा. पाणी कमी प्यायले आणि लघवी तुंबवून ठेवली की जंतूंना वर चढायला आयती सवड मिळते. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत, मुळात पाणी कमी पिणाऱ्या आणि वारंवार हा त्रास होणाऱ्या १४० स्त्रिया घेतल्या होत्या. निम्म्या जणींना रोज दीड लिटर पाणी जादा प्यायला सांगितले. वर्षभरात त्यांना हा त्रास सरासरी १.७ वेळा झाला, बाकीच्यांना ३.२ वेळा. पाण्याचा गुण यात काठोकाठ सिद्ध होतो. पण पाणी पिण्याची हिंमत कुठून आणायची, हे कुठल्या औषधाच्या चिठ्ठीवर लिहिता येत नाही.

त्या संध्याकाळी मी सौ.ला घेऊन तळावरचे स्वच्छतागृह पाहून आलो. तंबूपासून पन्नास-साठ पावलांवर. राजवाडा नव्हता. साधी इमारत, आत दिवा, दाराला लागणारी कडी, वाहते पाणी, कागद आणि कोरडी जमीन. दिवसातून साफ करणारे माणूस येत होते. ते पाहून आल्यावर तिने माझ्यासमोर तांब्याभर पाणी प्यायले. रात्री दोनला आम्ही दोघे विजेरी घेऊन गेलो. अस्वल भेटले नाही. दुसऱ्या दिवशी तीच बाई नातवंडांबरोबर नदीकाठी दोन तास हिंडली.

पूर्वी त्या महावृक्षांच्या मधोमधच मुक्कामाच्या खोल्या, दुकाने, तंबू होते. माणसांच्या वावराने माती दबते आणि या झाडांची उथळ मुळे दुखावतात, हे लक्षात आल्यावर गेल्या शतकाच्या अखेरीस तिथल्या २८२ इमारती काढून टाकण्यात आल्या. मुक्काम आता दूर, झाडांकडे जायचे ते पायी किंवा बसने. मोठमोठ्या झाडाबुंध्यांकडे पाहून सगळेच थक्क होतात; तिथल्या लोकांनी जमिनीखाली न दिसणाऱ्या गोष्टीचा विचार केला, हे मला जास्त मोलाचे वाटले. आरोग्यही असेच न दिसणाऱ्या गोष्टींवर उभे असते.

"तो श्रीमंतांचा देश, आपल्याला कसे जमणार?" असे कोणी म्हणेल. मला हे पटत नाही. आपल्याकडे घाटमाथ्यावर, देवस्थानाजवळ, धरणाच्या बागेत कमानी उभ्या राहतात, रोषणाई होते, छायाचित्रासाठी खास चौथरे बांधले जातात. स्वच्छतागृहेही बांधली जातात, पण महिन्याभरात त्यांना कुलूप लागते किंवा कडी तुटते. कमी पडतो तो बांधण्याचा पैसा नव्हे, रोज झाडणाऱ्या माणसाचा पगार आणि त्याच्या कामावर लक्ष ठेवणारा अधिकारी. मुंबईत स्त्रियांच्या संघटनांनी २०११ पासून याच हक्कासाठी चळवळ चालवली, कारण पुरुषांना फुकट आणि बायकांना पैसे, असा तिथला शिरस्ता होता. ही मागणी आपल्या तालुक्याच्या बसस्थानकावर, शाळेत, आठवडी बाजारातही झाली पाहिजे. ती केवळ बायकांची मागणी नाही, माझ्या मते ती सार्वजनिक आरोग्याची पहिली मागणी आहे. जिथे बाईमाणूस निर्धास्तपणे पोटभर पाणी पिऊ शकत नाही, त्या जागेची हवा कितीही थंड असो, तिला आरोग्यदायी म्हणू नये.

प्रवासाला निघणाऱ्यांनी एवढे लक्षात ठेवावे. पाणी एकदम न पिता थोडे थोडे, दिवसभर प्यावे. लघवीचा रंग फिकट पिवळा असला म्हणजे पाणी पुरते आहे असे समजावे. गडद झाला तर कमी पडते आहे. सहा-सात हजार फुटांवर गेल्यास पहिला दिवस विश्रांतीचा ठेवावा. लघवीची किंवा रक्तदाबाची गोळी आपल्या मनाने बंद करू नये. निघण्यापूर्वी डॉक्टरांना विचारून वेळ बदलून घ्यावी. ज्यांना हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या विकारामुळे पाणी मोजून सांगितले आहे त्यांनी तेच प्रमाण पाळावे. उतारवयात घेरी आली तर पाणी पिऊन बरे वाटले तरी तपासणी करून घ्यावी. आणि लघवीला जळजळीबरोबर ताप, थंडी किंवा कंबरदुखी असेल तर घरगुती उपायांत दिवस घालवू नयेत.

हल्ली मी रुग्ण बाईंना "पाणी प्या" एवढेच सांगत नाही. "प्रवासात पाणी का पीत नाही?" असे आधी विचारतो. बहुतेक जणींचे उत्तर सौ.सारखेच असते. पुढच्या सहलीची जागा ठरवताना राहायचे, जेवायचे, बघायचे काय हे आपण चौकशी करून ठरवतोच. त्याबरोबर तिथे स्वच्छतागृह कुठे आहे आणि त्याला कडी लागते का, हाही प्रश्न विचारावा. तो घरातल्या पुरुषाने विचारावा, आणि बायकांनी पाणी सोडण्यापूर्वी विचारावा.