विश्लेषण : सायकलचे पंक्चर घरी काढले, तरी सकाळी हवा का गेलेली असते?

मोबाइलवरच्या व्हिडीओत सायकलचे पंक्चर चार मिनिटांत निघते. घरच्या गॅलरीत त्याला दोन तास लागतात, हात काळे होतात आणि दुसऱ्या दिवशी सकाळी टायर पुन्हा बसलेला असतो. मग सायकल जिन्याखाली जाते. कुठल्याही सोसायटीच्या पार्किंगमध्ये धूळ खात उभ्या असलेल्या सायकली पाहा. फ्रेम ठणठणीत, ब्रेक बरे, पण दोन्ही टायर जमिनीला टेकलेले. पंक्चर हे सायकल बंद पडण्याचे सर्वांत क्षुल्लक कारण आहे आणि माझ्या मते सर्वांत मोठेही तेच आहे. दोष मात्र हाताच्या कौशल्याचा क्वचितच असतो. रबराला रबर कसे चिकटते हे आपल्याला कोणी सांगितलेले नसते आणि ज्याला ते ठाऊक होते तो कोपऱ्यावरचा सायकलवाला आता तिथे नसतो.

हा त्रास किती जुना?

हवेच्या टायरइतकाच. बेलफास्टमध्ये पशुवैद्यक असलेल्या जॉन बॉइड डनलॉप यांनी १८८८ मध्ये हवेच्या टायरचे पेटंट घेतले. मुलाच्या तीनचाकीचे हादरे कमी व्हावेत हा मूळ उद्देश. पण हा टायर चाकाला कायमचा चिकटवलेला असे. पंक्चर झाले की तो सोलून काढायचा, आत ठिगळ लावायचे, पुन्हा चिकटवायचा आणि वाळायला रात्रभर ठेवायचा. फ्रान्समध्ये क्लेरमाँ-फेराँ येथील मिशलँ बंधूंच्या रबर कारखान्यात असाच एक सायकलस्वार पंक्चर घेऊन आला. कित्येक तास खर्ची पडले आणि दुसऱ्या दिवशी थोड्याच अंतरावर हवा पुन्हा गेली, अशी हकीकत सांगितली जाते. त्यातून मिशलँ यांनी चाकावरून सुटा काढता येणारा टायर बनवला. १८९१ मध्ये पॅरिस ते ब्रेस्ट आणि परत अशी सुमारे १२०० किलोमीटरची शर्यत शार्ल तेराँ यांनी याच टायरवर जिंकली. आज आपण ज्या टायरशी झटापट करतो, तो मुळात पंक्चर काढणे सोपे व्हावे म्हणून जन्माला आला आहे!

छिद्र कुठे आहे, याला एवढे महत्त्व का?

कारण छिद्राची जागा गुन्हेगाराचे नाव सांगते. ट्यूबच्या बाहेरच्या, म्हणजे रस्त्याच्या बाजूला एकच बारीक छिद्र असेल तर काटा, खिळा किंवा ट्रकच्या फुटक्या टायरमधून रस्त्यावर सांडलेली केसासारखी तार. आपल्याकडे पावसाळा सरला की वाळलेले सराटे पायवाटांवर पसरतात आणि वेडी बाभूळ तर बारमाही आहे. सराट्याला इंग्रजीत ‘पंक्चर वाइन’ म्हणतात, म्हणजे त्याची कीर्ती सातासमुद्रापार गेलेली आहे. शेजारीशेजारी दोन चिरा दिसल्या तर काट्याचा संबंध नाही. हवा कमी असताना चाक खड्ड्याच्या कडेवर आदळले आणि ट्यूब रिमच्या दोन काठांत चिमटली गेली. छिद्र ट्यूबच्या आतल्या, म्हणजे रिमच्या बाजूला असेल तर रिमपट्टी सरकली आहे आणि स्पोकचे टोक ट्यूबला टोचते आहे. अशा वेळी पट्टी नीट न बसवता दहा ठिगळे लावली तरी अकरावे छिद्र पडणारच.

म्हणून ट्यूब बाहेर काढताना ती टायरमध्ये कशी बसली होती हे लक्षात ठेवावे. व्हॉल्व्हपासून छिद्र किती अंतरावर आहे ते मोजले की टायरवर नेमकी तीच जागा तपासता येते. टायरच्या आतून बोट फिरवू नये, कापसाचा बोळा किंवा जुने सुती फडके फिरवावे. काटा असेल तिथे धागा अडकतो. घरी काढलेले पंक्चर न टिकण्याचे पहिले कारण हेच आहे. ठिगळ उत्तम बसलेले असते, काटाही टायरमध्ये उत्तम बसलेला असतो.

ठिगळ चिकटते कसे?

चार वर्षे अभियांत्रिकी शिकताना बहुवारिकांच्या रचनेवर आम्ही पानेच्या पाने लिहिली. ट्यूबला ठिगळ लावताना त्यातले काय उपयोगी पडते, हा प्रश्न मात्र एकाही प्रश्नपत्रिकेत आला नाही. उत्तर फार अवघड नाही. ‘सोल्युशन’ हा कागद चिकटवायच्या डिंकासारखा डिंक नाही. ते द्रावकात विरघळवलेले रबर आहे. द्रावक उडून गेला की ट्यूबवर रबराचा पातळ, चिकट थर उरतो आणि ठिगळाच्या पाठीवरचे रबर त्याच्याशी जुळते. किटमध्ये मिळणाऱ्या चांगल्या ठिगळांत हे जुळणे रासायनिक असते, म्हणजे उष्णता न देता होणारे व्हल्कनायझिंग.

यावरून तीन गोष्टी निघतात आणि तिन्ही घाईच्या विरोधात आहेत. बहुतेक ट्यूब ब्युटाइल रबरच्या असतात. हे रबर हवा छान धरून ठेवते, पण त्याचा पृष्ठभाग गुळगुळीत असतो. त्यावर कारखान्यातल्या साच्यातून सुटण्यासाठी वापरलेल्या पदार्थाचा अंश, पांढरी पावडर आणि हाताचे तेल असते. पॉलिश पेपरने घासून चकाकी पूर्ण जाईपर्यंत आणि ट्यूबवरची उंच शिवण सपाट होईपर्यंत थांबायचे नाही. दुसरी गोष्ट सोल्युशनची. ते ठिगळापेक्षा थोड्या मोठ्या जागेवर, पातळ लावायचे. जास्त लावले तर जास्त चिकटेल हा समज चुकीचा आहे, उलट जाड थराखाली द्रावक अडकून राहतो. तिसरी गोष्ट सर्वांना छळणारी : वाट पाहणे. सोल्युशन लावून पाच मिनिटे काहीही करायचे नाही. ओली चमक गेली आणि कडेला बोट टेकवल्यावर ते ओले लागले नाही, की मगच ठिगळ ठेवायचे. ओल्यावर ओले दाबले की ठिगळ त्या क्षणी चिकटल्यासारखे वाटते, रात्रभर टायरमध्ये हळूहळू सरकते आणि सकाळी कडेतून हवा सोडते. फुंकर मारून वाळवणेही नको. श्वासातली वाफ नेमकी नको तिथे बसते.

ठिगळ ठेवल्यावर महत्त्व वेळेपेक्षा दाबाला आहे. चमच्याच्या पाठीने मधून कडांकडे जोर लावून घासावे. सुपरग्लूचा मोह टाळावा. तो वाळून काचेसारखा कडक होतो आणि ताणणाऱ्या ट्यूबवर तडकतो. आणखी एक, छिद्र शोधताना ट्यूब फुगवून घमेल्यातल्या पाण्यात बुडवायला हरकत नाही, पण ताजे ठिगळ तपासायला ट्यूब उघड्यावर टम्म फुगवू नये. बाहेर ती टायरच्या मापापलीकडे फुगते आणि ठिगळाची कड उचलली जाते. आत बसवून मगच हवा भरावी.

हे सगळे पाठ असूनही एक गोष्ट घात करते. सोल्युशनची नळी एकदा उघडली की टोपण कितीही घट्ट लावा, काही महिन्यांत आतला द्रावक उडून जातो. गरज पडते तेव्हा नळीतून काहीच येत नाही. किट बनवणाऱ्यांनी एका मोठ्या नळीऐवजी चार अगदी छोट्या नळ्या द्यायला काय हरकत आहे?

टायर चढताना इतका हट्टी का होतो?

टायरच्या काठात तार असते आणि ती ताणत नाही. शेवटचा वीतभर भाग राहिला की आपण लिव्हर किंवा स्क्रूड्रायव्हर घेऊन जोर लावतो, ट्यूब त्यात चिमटते आणि नवे पंक्चर आपणच तयार करतो. जोर नव्हे, जागा हवी असते. रिमची मधली चर कडांपेक्षा खोल असते. चाकाच्या विरुद्ध बाजूचा टायरचा काठ बोटांनी दाबून त्या चरीत उतरवला की तिथले वाचलेले काही मिलिमीटर इकडे मिळतात आणि टायर अंगठ्यांनी चढतो. व्हॉल्व्हपाशी ट्यूबच चरीत बसलेली असल्याने तिथे काठ खोल उतरू शकत नाही. म्हणून सुरुवात व्हॉल्व्हच्या समोरच्या बाजूने करावी आणि शेवट व्हॉल्व्हपाशी. ट्यूबमध्ये आधी थोडीशी हवा असावी, म्हणजे ती दुमडत नाही.

मागचे चाक काढण्याची तर बहुतेक वेळा गरजच नसते. जुने कारागीर चेनकव्हर, स्टँड, कॅरिअर असलेल्या काळ्या सायकलीचे चाक जागेवर ठेवूनच टायरची एक बाजू उतरवत, ट्यूब ओढून बाहेर घेत आणि तिथेच ठिगळ लावत. व्हिडीओत ही युक्ती फारशी दिसत नाही, कारण तिथल्या सायकलींना एका झटक्यात चाक सोडणारी कळ असते.

कोपऱ्यावरचा सायकलवाला गेला कुठे?

तो दुचाकींकडे गेला. मोटारसायकल आणि मोटारींचे टायर ट्यूबलेस झाले. बाहेरूनच छिद्रात दोरीसारखी रबरी पट्टी खुपसली की काही मिनिटांत काम होते. सायकलच्या ट्यूबला त्याहून अधिक वेळ लागतो आणि पैसे कमी मिळतात. त्याने सायकलला नाही म्हटले तर त्याला दोष देणे मला पटत नाही.

शिवाय सायकलच बदलली. पूर्वी बहुतेक मोठ्या सायकलींची ट्यूब २८ इंची आणि व्हॉल्व्हही एकाच प्रकारचा, आत रबरी नळीचा तुकडा चढवलेला. आज दुकानात २६, २७.५, २९ इंची आणि ७०० सी अशी मापे आहेत. त्यातही २९ इंची आणि ७०० सी दोन्हींच्या रिमचा व्यास एकच, ६२२ मिलिमीटर, तर जुन्या २८ इंचीचा ६३५. ट्यूब ताणते म्हणून जवळच्या मापात चालून जाते, टायर चालत नाही. टायरच्या कडेला ३७-६२२ असे आकडे असतात. पहिला रुंदी, दुसरा रिमचा व्यास. खरेदीला जाताना त्यांचाच फोटो काढून न्यावा. व्हॉल्व्ह तीन प्रकारचे झाले : जुना, मोटारसायकलसारखा जाड आणि महागड्या सायकलींचा बारीक. बारीक व्हॉल्व्हला पेट्रोलपंपावरची नळी बसत नाही, हे अनेकांना तिथे पोहोचल्यावर कळते. सेवा केंद्रात जावे तर ‘ट्यूब बदला’ हे एकच उत्तर, आणि ‘तुमच्या मापाची आठवड्याने येईल’ हे त्याला जोडून. रस्त्यात वेळ वाचवायला जादा ट्यूब बाळगणे शहाणपणाचे आहेच. चीर मोठी असेल किंवा व्हॉल्व्हच्या मुळाशी फाटले असेल तर ठिगळाचा हट्ट धरू नये. पण टाचणीएवढ्या छिद्रासाठी अख्खी ट्यूब फेकायला लावणे ही दुरुस्ती नव्हे, विक्री आहे.

शहरात सायकल नसेल तर रिक्षा मिळते. मानव विकास कार्यक्रमातून राज्यातील १२५ तालुक्यांत आठवी ते बारावीच्या मुलींना शाळेत जाण्यासाठी सायकली देण्यात आल्या. पंक्चर झालेल्या सायकलीचा अर्थ तिथे वेगळा आहे. दुकान पुढच्या मोठ्या गावात असेल तर तेवढ्या दिवसांची शाळा बुडते किंवा पायपीट होते. अशा प्रत्येक सायकलीबरोबर दोन लिव्हर, पॉलिश पेपर, ठिगळे आणि सोल्युशन द्यायला हवे. शाळेत एक उभा पंप हवा आणि कार्यानुभवाच्या एखाद्या तासाला कागदी फुलांऐवजी पंक्चर काढायला शिकवायला हवे. सायकल विकणाऱ्या कंपन्यांनाही हे किट सक्तीचे करता येईल. घंटी आणि रिफ्लेक्टर सायकलीबरोबर येतात, तर हे का नाही?

तरीही सकाळी हवा गेली तर?

ठिगळावर संशय घेण्याआधी व्हॉल्व्ह तपासा. व्हॉल्व्हचे तोंड वर आणून त्यावर साबणाच्या पाण्याचा थेंब ठेवा. बुडबुडा येत असेल तर ट्यूबला हात लावायचे कारण नाही. जाड व्हॉल्व्हच्या आतली पिन सैल असते, ती घट्ट करावी लागते. बारीक व्हॉल्व्हच्या टोकाची चकती बंद करायची राहून गेलेली असते. जुन्या व्हॉल्व्हवरची रबरी नळी कुजलेली असेल तर बोटाच्या पेराएवढा नवा तुकडा चढवला की झाले. बुडबुडा आला नाही, तर मात्र घमेले पुन्हा भरा आणि ठिगळाच्या कडेपासून सुरुवात करा.