ॲपेटाइट: ओळख रंगावरून नको

हिरवट, षट्कोनी स्फटिक दिसला की त्याला बेरिल ठरवून मोकळे होणारे बरेच. पोलादी चाकूचे टोक जोर लावून ओढावे: बेरिलवर ओरखडा उठत नाही, ॲपेटाइटवर उठतो, कारण मोहस मापनात त्याची कठिणता 5 आहे. रंग मात्र हिरवा, निळा, पिवळा, जांभळा, कसाही असू शकतो. म्हणून वर्गीकरण रासायनिक रचनेवरूनच व्हावे, असे आमचे ठाम मत आहे. कॅल्शियम-फॉस्फेटचा सांगाडा तोच. त्यातल्या नळीसारख्या पोकळीत फ्लोरीन, क्लोरीन की हायड्रॉक्सिल जास्त, यावरून फ्लोरॲपेटाइट, क्लोरॲपेटाइट आणि हायड्रॉक्सिलॲपेटाइट ही वेगळी खनिजे ठरतात.

डोळ्यांना न दिसणारा हा भेद हवाच कशाला, असा आक्षेप येतो. क्षेत्रभेटीच्या वहीत नुसते ‘ॲपेटाइट’ लिहायला आमचीही हरकत नाही. पण दाताचे एनॅमल मुख्यतः हायड्रॉक्सिल प्रकाराचे असते. त्यात फ्लोराइड शिरले की ते आम्लाला जास्त दाद देत नाही. उदयपूरजवळच्या झामरकोटड्याचा रॉक फॉस्फेट, म्हणजे ॲपेटाइटयुक्त खडक, फ्लोरीनयुक्त आहे. अशा दगडावर गंधकाम्ल ओतून सुपरफॉस्फेट खत करताना विषारी फ्लोरीनयुक्त वायू सुटतात आणि कारखान्याला ते धुऊन अडवावेच लागतात.