खोबरेल घन की द्रव?



पदार्थाच्या अवस्थांचा धडा उघडला की पहिले उदाहरण हमखास बर्फाचे. त्याखाली तक्ता : घन – दगड, लोखंड, द्रव – पाणी, तेल, वायू – हवा, वाफ. हा तक्ता पाठ करायला सोपा आहे, पण अपुरा आहे, असे माझे मत आहे. सिंधुदुर्गातल्या कोणत्याही घरात ते पडताळून पाहता येईल.

ओरोसला जानेवारीत एखाद्या गार पहाटे खोबरेलाची बाटली उपडी करून पाहा. तेल पडणार नाही. ते थिजून पांढरे झालेले असेल. दुपारी त्याच बाटलीत स्वच्छ, पातळ तेल दिसेल. कारण खोबरेल सुमारे २४ ते २५ अंश सेल्सिअसला वितळते. मग खोबरेलापुढे 'घन' लिहिणारा विद्यार्थी चुकला काय? मुळीच नाही. चूक प्रश्नाची, त्यात तापमान सांगितलेच नव्हते.

आता कोकमतेल घ्या. रातांब्याच्या बिया कुटून पाण्यात उकळतात, वर तरंगणारे तेल काढून घेतात आणि ते थिजले की त्याचे गोळे वळतात. नावाचे तेल, पण मे महिन्याच्या उकाड्यातही ते घट्टच राहते. ते वितळायला सुमारे ४० अंश तापमान लागते. म्हणून भेगांना लावण्यापूर्वी ते गरम करतात.

एकाच फळीवरची दोन तेले, एक पातळ आणि एक घट्ट, असे का? खोबरेलातील सुमारे निम्मे मेदाम्ल लॉरिक असते. त्याच्या साखळीत कार्बनचे १२ अणू. कोकमतेलात निम्म्याहून अधिक स्टिअरिक; त्यात १८. लांब साखळ्या एकमेकींना अधिक घट्ट धरून ठेवतात. त्यांना सुटे करायला उष्णताही अधिक लागते.

कुणी म्हणेल, बर्फाचे उदाहरण अधिक नेमके आहे. ते खरे आहे. बर्फ शुद्ध पदार्थ असल्याने साध्या हवेच्या दाबाला ठराविक ०° ला वितळतो. तेले मिश्रणे असल्याने हळूहळू मऊ होतात. म्हणून बर्फ जरूर शिकावा. पण तेवढ्यावर थांबले, की अवस्था हा पदार्थाचा कायमचा स्वभाव आहे असा समज होतो. पाणी १०० अंशालाच वायुरूप होते, हाही तसाच समज. शिरोड्याला १९३० साली मिठाचा सत्याग्रह झाला. तिथल्या मिठागरांत पाणी कुणी उकळत नसे. उन्हावाऱ्याने पाणी उडून जाई आणि मीठ मागे राही.

तेव्हा मित्रहो, वहीतल्या तक्त्यात आणखी एक रकाना आखा : 'तापमान'. आठवडाभर रोज सकाळी आणि दुपारी तापमापक पाहून खोबरेलाची अवस्था नोंदवा. मग 'खोबरेल घन की द्रव?' असे कुणी विचारले, तर उत्तर देण्याआधी तुम्हीच विचाराल, "किती अंशाला?"