फडताळातली 'आभाळमाया'

मी कॉन्व्हेंटची, शुद्धलेखन सांभाळून घ्या! दिवाळीत केळशीला आजीचं फडताळ आवरत होते. डब्यांखाली पिवळा पडलेला पेपर, त्यात 'आभाळमाया'ची जाहिरात : सुकन्या कुलकर्णींचा चेहरा, खाली वार नि वेळ. ही मालिका १९९९ ची, 'अल्फा टीव्ही मराठी'वरची. पुढे तीच वाहिनी 'झी मराठी' झाली.

काका म्हणाला, "टाक रद्दीत."

आजी म्हणाली, "ठेव गो. तेव्हा आपल्याकडे केबल कुठे होती? या चित्रावरून मीच गोष्ट रचायची."

सिनेमाची पोस्टर्सही जपणारं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय पुण्यात १९६४ साली निघालं. मालिकांच्या जाहिराती मात्र आपण डब्याखाली घालतो. कुणी म्हणेल, जाहिरातच ती, माल खपवायला काढलेली. मान्य! पण जुने एपिसोड मोबाईलवर मिळाले, तरी त्यात माझी आजी दिसणार नाही. ती या कागदात आहे.

म्हणून सांगते, सुट्टीत घरी गेलात की रद्दी देण्याआधी एकदा चाळा. आणि आजी असेल तर तिलाच विचारा.

मी तो कागद होस्टेलला आणला नाही. फडताळातच ठेवला, फक्त आता डब्यांच्या वर.